परदेशी कंपनीची साइट ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणते. मॅन्युअल आणि पार्ट नंबर कसा काढायचा?

अंबडचा_फिटर

अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या जॉबवर्क युनिटसाठी विचारतोय. जुन्या व्हीएमसीच्या (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन) स्पिंडल ड्राइव्हचं अलार्म मॅन्युअल हवंय आणि कूलंट पंपाच्या मेकॅनिकल सीलचा पार्ट नंबर. ड्राइव्हवाली कंपनी अमेरिकेतली, पंपवाली जर्मनीतली. दोघींनीही दारातूनच परत पाठवलंय.

अमेरिकन साइटवर पांढरं पान येतं. वर ‘ॲक्सेस डिनाइड’, खाली तुम्हाला परवानगी नाही अशा अर्थाची एक ओळ आणि ‘रेफरन्स’ म्हणून आकड्यांची लांबलचक माळ. जर्मन साइट तेवढंही बोलत नाही. चाक फिरत राहतं आणि शेवटी ‘टाइम्ड आउट’. ऑफिसचा लॅपटॉप आणि शॉपफ्लोअरचा पीसी (विंडोज ७, मशीनला प्रोग्रॅम पाठवणारं डीएनसीचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं म्हणून), दोन्हीवर तेच. फायबर लाइन एकच आहे.

सर्व्हिसचा फॉर्म त्याच साइटच्या आत. म्हणजे कुलूप लागलंय अशी तक्रार करायला आधी कुलूप उघडायचं!

भारतालाच बंदी आहे की आमच्या लाइनीत काही खोट आहे, हे ओळखायचं कसं? आणि बंदीच असेल तर सरळ रस्ता कोणता? मशीन उभं आहे, तेव्हा नेमकं करायचं काय ते सांगा.

झटपट_नाशिककर

व्हीपीएन (आपली लाइन दुसऱ्या देशातून आल्यासारखी दाखवणारं ॲप) टाका, अमेरिका निवडा, पान रिफ्रेश करा. दोन मिनिटांचं काम. एवढा धागा कशाला?

पॅकेटवाला

झटपटभाऊ, तुमच्या गोळीकडे शेवटी येतो. आधी दुखणं कोणतं ते पाहू, कारण ‘साइट उघडत नाही’ या एका तक्रारीखाली चार-पाच वेगळे आजार असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

पान नीट वाचा, अर्धं निदान तिथेच होतं. दूरसंचार विभागाच्या आदेशावरून बंद केल्याची सूचना दिसली तर अडवणूक इथली आहे, त्या कंपनीचा काही संबंध नाही. क्लाउडफ्लेअरचं (साइटच्या पुढे पहारा देणारी सेवा) पान असेल तर त्यावरचा नंबर बघा. १००९ म्हणजे साइटच्या मालकाने तुमचा देशच बंद केलाय, त्यात शंका नको. १००६ ते १००८ म्हणजे तुमचा आयपी (लाइनीचा इंटरनेटवरचा पत्ता) बंद. १०१५ म्हणजे फार वेळा रिफ्रेश केलंत, थोडं थांबा. १०२० म्हणजे कुठल्या तरी नियमात अडकलात. तो नियम देशाचा असेल किंवा दुसराही. ॲमेझॉन क्लाउडफ्रंट स्पष्ट सांगतं की तुमच्या देशातून प्रवेश बंद ठेवलाय. ४५१ नंबर आला तर कारण कायद्याचं. २५ मे २०१८ ला युरोपचा जीडीपीआर (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा) लागू झाला तेव्हा काही अमेरिकन वर्तमानपत्रांनी युरोपातल्या वाचकांना असंच बाहेर ठेवलं होतं. नियम पाळण्यापेक्षा दार लावून घेणं स्वस्त पडलं.

तुम्ही वर्णन केलेलं ‘रेफरन्स’वालं पान अकामाईचं (तशीच दुसरी पहारेकरी सेवा) दिसतंय. ते कारण सांगत नाही, हीच त्याची खोड. देशबंदी असेल, तुमच्या आयपीची बदनामी असेल, किंवा ब्राउझर यंत्रमानवासारखा वाटला असेल. म्हणून पुढची चाचणी.

एकच लॅपटॉप घ्या, प्रायव्हेट विंडो उघडा, ॲड-ब्लॉकर बंद करा. आधी ऑफिसच्या फायबरवरून साइट उघडा, मग मोबाइल हॉटस्पॉटवरून, मग दुसऱ्या कंपनीच्या सिमच्या हॉटस्पॉटवरून. सगळीकडे तेच पान आलं तर देशबंदीची शक्यता मोठी. मोबाइलवर उघडली आणि फायबरवर नाही, तर देशाला उगाच दोष देऊ नका. तुमच्या फायबरचा आयपी बहुधा कुठल्या तरी काळ्या यादीत आहे.

शॉपफ्लोअरच्या पीसीवर ही चाचणी करूच नका. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, ती शेवटची आवृत्ती २०२३ च्या सुरुवातीची. इतका जुना ब्राउझर दिसला की बॉट ओळखणाऱ्या यंत्रणा आधीच भुवया उंचावतात. फायरफॉक्सची ११५ ईएसआर आवृत्ती त्यावर चालते, पण डीएनसीचा पीसी नेटपासून लांबच बरा. मॅन्युअल दुसरीकडे उतरवा आणि स्कॅन करून पेन ड्राइव्हने न्या. आणि त्या पीसीचं घड्याळ भलतीच तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल गेलाय. तेव्हा प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून ओरडते आणि माणूस उगाच कंपनीला शिव्या घालतो.

आता बदनाम आयपी. राउटरच्या पानावर जाऊन वॅन (बाहेरच्या लाइनीचं) स्टेटस बघा. तिथला आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारा एकच पत्ता तुम्ही आणि गल्लीतली, कदाचित अख्ख्या शहरातली अनेक गिऱ्हाइकं मिळून वापरताय. त्यातल्या एकाच्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमध्ये व्हायरस शिरला की शिक्षा सगळ्यांना. ‘माझा आयपी काय’ विचारून येणारा बाहेरचा पत्ता स्पॅमहाउसच्या (बदनाम पत्त्यांच्या याद्या ठेवणारी संस्था) तपासणी पानावर टाका. पीबीएल यादीत नाव आलं तर घाबरू नका, घरगुती लाइनी तिथे असणं नेहमीचंच. ती यादी थेट मेल पाठवण्यापुरती आहे. एक्सबीएलमध्ये आलं तर मात्र त्या पत्त्यामागे कुठलं तरी यंत्र खरोखर बिघडलंय. यावर टिकाऊ इलाज म्हणजे सेवादात्याकडून स्टॅटिक आयपी. धंद्याच्या लाइनीवर तो मागितला तर मिळतो, थोडे जास्त पैसे पडतात.

जर्मन साइटचं ‘टाइम्ड आउट’ वेगळं प्रकरण. काही फायरवॉल नकार देत नाहीत, आलेलं डेटाचं पाकीट गुपचूप कचऱ्यात टाकतात. चेक-होस्ट डॉट नेटवर साइटचं नाव टाकून एचटीटीपी तपासणी करा. ती वेगवेगळ्या देशांतल्या सर्व्हरवरून बघते. जर्मनी, नेदरलँड्स हिरवे आणि भारत लाल, तर उत्तर मिळालं. सगळेच लाल, तर साइटच झोपलीय.

पण भारतही हिरवा दिसला तर आपल्या राउटरचा एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) तपासा. पीपीपीओई (राउटरमध्ये यूजरनेम-पासवर्ड टाकून जोडलेल्या) लाइनीवर तो १४९२ असतो, राउटरमध्ये १५०० टाकलेला असला की काही साइट अर्ध्यावर लटकतात आणि बाकीच्या मजेत चालतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंगला ‘-एफ -एल १४७२’ (इंग्रजी लिपीत) जोडून पिंगला उत्तर देणारा कुठलाही पत्ता द्या. तुकडे करावे लागतील असं उत्तर आलं आणि १४६४ वर पिंग गेलं, तर एमटीयू १४९२ करा. २८ बाइट हेडरचे, म्हणून १४६४. या एका आकड्यापायी ‘युरोपवाले आपल्याला अडवतात’ अशी समजूत करून घेतलेली माणसं कमी नाहीत.

सुटेभाग_सातपूर

पॅकेटवाल्यांनी निदान सांगितलं. माल हातात पडायचा मार्ग मी सांगतो, खरेदीच्या बाजूने.

साइट बंद असली तरी मेल बंद नसतो. साइटच्या पुढे सीडीएनचा (क्लाउडफ्लेअर, अकामाईसारखी मधली सेवा) पहारेकरी उभा असतो, मेलचा रस्ता वेगळ्या सर्व्हरवरून जातो. सपोर्टचा पत्ता साइटवरून मिळत नसेल तर ड्राइव्हसोबत आलेल्या जुन्या कागदांवर, नेमप्लेटवर किंवा डीलरच्या कॅटलॉगच्या मागच्या पानावर मिळतो. मेल लहान लिहा, पण त्यात हे हवंच: नेमप्लेटवरचा पूर्ण मॉडेल नंबर (शेवटच्या डॅशनंतरची अक्षरंसुद्धा, तिथेच आवृत्ती दडलेली असते), सिरियल नंबर, अलार्मचा कोड, आणि नेमप्लेटचा सरळ उजेडात काढलेला फोटो. सीलसाठी शाफ्टचा व्यास, सीलची बसवलेली लांबी, फेसचं मटेरियल आणि कूलंट तेलाचं की पाण्यात मिसळणारं, एवढं द्या. रबर नायट्राइल की व्हिटॉन हे त्यावर ठरतं.

त्याच मेलमध्ये खाली साइटची तक्रार वेगळ्या परिच्छेदात: उघडू पाहिलेल्या पानाचा पूर्ण पत्ता, बाहेरचा आयपी, रेफरन्सची अख्खी माळ (क्लाउडफ्लेअर असेल तर रे आयडी) आणि वेळ. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. त्या माळेवरून त्यांचा आयटीवाला नेमका कोणता नियम आडवा आला ते शोधू शकतो. स्क्रीनशॉट एकटा पाठवू नका, आकडे टाइप करून द्या. चित्रातून माळ उतरवून घ्यायचा कंटाळा सगळ्यांना असतो.

फोन करायचा तर ८०० ने सुरू होणारा अमेरिकेतला टोल-फ्री नंबर आपल्याकडून बहुधा लागत नाही, साधा नंबर शोधा. पूर्व किनाऱ्यावर सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६:३०, हिवाळ्यात ७:३०. जर्मनीत सकाळचे ९ म्हणजे आपले दुपारचे १२:३०, हिवाळ्यात १:३०. जर्मनीला शुक्रवारी दुपारनंतर फोन लावून वैतागू नका.

मेलचं उत्तर येईपर्यंत वेब आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साइटचं नाव टाका. तिथे साठवलेल्या पत्त्यांची यादी मिळते, त्यात ‘पीडीएफ’ असा शब्द टाकून गाळा. जुन्या ड्राइव्हची मॅन्युअलं तिथे सापडायची शक्यता चांगली, कारण कंपनी नवं मॉडेल आल्यावर जुनं काढून टाकते पण साठवलेली प्रत राहते. गूगलवर मॉडेल नंबर अवतरणचिन्हांत आणि पुढे ‘फाइलटाइप’ कोलन ‘पीडीएफ’ असंही शोधा. बऱ्याच कंपन्या पीडीएफ वेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. मुख्य दार बंद आणि गोदाम उघडं, असा प्रकार पुष्कळदा असतो.

एक गोष्ट बंदीसारखी दिसते पण बंदी नसते. साइट तुम्हाला ढकलून ‘इंडिया’ पानावर नेते आणि तिथे चार माहितीपत्रकांपलीकडे काही नाही. तेव्हा पानाच्या तळाशी देश बदलायचा पर्याय असतो. नसेल तर पत्त्यातला ‘इन’ खोडून ‘यूएस’ करा आणि प्रायव्हेट विंडोत उघडा, कारण आधीची कुकी पुन्हा इंडियाला फेकते.

आणि पार्ट मागवताना कार्ड नाकारलं गेलं तर तेही साइटच्या माथी मारू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतात, परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आपण सुरू करायचा असतो.

झटपट_नाशिककर

बरं, सगळं मान्य. पण हे सगळं करण्यापेक्षा व्हीपीएन सोपं नाही का? बेकायदा आहे का काही?

पॅकेटवाला

बेकायदा नाही. सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले, त्यात व्हीपीएन चालवणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायची आहे. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले. वापरणाऱ्यावर बंदी आलेली नाही.

अडचण दुसरीच आहे. व्हीपीएनचे आयपी डेटा सेंटरचे असतात आणि ज्या यंत्रणा भारताला अडवतात त्याच यंत्रणा त्यांनाही ओळखतात. मग ‘ॲक्सेस डिनाइड’ जाऊन न संपणारं कॅप्चा येतं, ट्रॅफिक लाइटचे चौकोन निवडत बसा. फुकटचं ॲप तर मोबाइलमध्ये घेऊच नका, तुमचीच लाइन दुसऱ्यांना भाड्याने देणारीही त्यात निघतात. क्लाउडफ्लेअरच्या वॉर्प या व्हीपीएनसारख्या ॲपने देश बदलत नाही, तो तुम्हाला भारतातलाच दाखवतो. पत्ता मात्र बदलतो, म्हणून बदनाम आयपीवर कधी लागू पडतो, देशबंदीवर नाही.

नातेवाईक अमेरिकेत असतील आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांच्या घरी रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) ठेवून टेलस्केलचं एक्झिट नोड करता येतं, म्हणजे तुमची लाइन त्यांच्या घरातून बाहेर पडते. पत्ता घरगुती दिसतो आणि सीजीनॅटमागूनही चालतं. पण वाचण्या-उतरवण्यापुरतंच. अशा मार्गाने खातं उघडून ऑर्डर दिली की आयपी टेक्ससचा आणि पत्ता अंबडचा अशी विसंगती दिसते आणि ऑर्डर फसवणूक म्हणून अडकते.

आणि एक पथ्य पाळाच. ड्राइव्हचं फर्मवेअर किंवा काही तांत्रिक फाइली अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाखाली असतात. तिथे बंदी मुद्दाम घातलेली असते, आळसाने नाही. ती वळसा घालून उतरवू नका. वापर काय आणि कुठे हे लिहून कंपनीकडूनच घ्या. अलार्म मॅन्युअलचं तसं सहसा नसतं.

द्राक्षवाला_पिंपळगाव

जरा उलटा प्रश्न, चालेल का? आमच्या निर्यातीच्या साइटवर वर्डप्रेसच्या लॉगिनवर रात्रभर बाहेरून प्रयत्न चालायचे, म्हणून साइट बनवणाऱ्याने क्लाउडफ्लेअरमध्ये भारत सोडून सगळे देश बंद केले. आता रॉटरडॅमचा खरेदीदार म्हणतो पान दिसत नाही. शिवाय गूगलवर आमचं नावही खाली गेलंय. संबंध आहे का?

गोदाकाठ_सर्व्हर

दादा, संबंध पुरेपूर आहे. चोराच्या भीतीने दुकानाचं शटरच पाडून ठेवलंय.

गूगलचा बॉट (शोधासाठी साइट वाचत फिरणारा प्रोग्रॅम) मुख्यतः अमेरिकेतल्या आयपीवरून येतो. ‘भारत सोडून सगळे बंद’ म्हटलं की तोही बाहेर. पुढचा फटका अजून बसला नसेल तर बसेल: तुमच्या मूळ सर्व्हरवरचं सर्टिफिकेट (साइट सुरक्षित असल्याचा दाखला) लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं असेल तर फेब्रुवारी २०२० पासून ते एकाच वेळी जगातल्या अनेक ठिकाणांहून तुमची साइट तपासतात. बाहेरची तपासणी अडली की नूतनीकरण फसतं, आणि ९० दिवसांचं सर्टिफिकेट संपलं की खरेदीदाराला साइटऐवजी एररचं पान दिसू शकतं. एचटीटीपीऐवजी डीएनएसने पडताळणी लावली तर हा त्रास टळतो. पेमेंट गेटवेचे परत येणारे निरोप परदेशी सर्व्हरवरून येत असतील तर तेही याच नियमात मरतात.

आणि एवढं करून साध्य काय? लॉगिन फोडणारे भारतातलाच सर्व्हर भाड्याने घेऊन येतात.

आता दुरुस्ती. क्लाउडफ्लेअरच्या फुकट प्लॅनमध्ये ५ कस्टम नियम मिळतात, तुम्हाला २ पुरतात. आत्ताचा देशबंदीचा नियम आधी बंद करा. मग पहिला नवा नियम: पत्त्यात वर्डप्रेसचं लॉगिन पान किंवा ॲडमिन फोल्डर असेल आणि देश भारत नसेल, तर ‘मॅनेज्ड चॅलेंज’. पूर्ण ‘ब्लॉक’ लावू नका, परदेश दौऱ्यावर गेलात तर तुम्हीच बाहेर राहाल. ॲडमिन फोल्डरमधली ‘ॲडमिन-एजॅक्स’ फाइल मात्र या नियमातून वगळा, साध्या वाचकांच्या पानांनाही ती लागते. दुसरा नियम: एक्सएमएल-आरपीसी फाइलवर (बाहेरची ॲप तिच्यातून वर्डप्रेसशी बोलतात) सगळ्यांसाठी ब्लॉक, जर मोबाइल ॲप किंवा जेटपॅक वापरत नसाल तर. लॉगिनला दुहेरी पडताळणी लावा, ती या दोन्ही नियमांपेक्षा जास्त कामाची.

देश निवडायच्या यादीत ‘टी१’ दिसेल, तो देश नाही, टॉर नेटवर्क आहे. ‘एक्सएक्स’ म्हणजे देश कळला नाही. कुठलाही नियम लावला की सिक्युरिटी इव्हेंट्सचं पान आठवडाभर बघत जा: कोणता पत्ता, कोणता देश, कोणत्या नियमाने अडवला ते ओळीने दिसतं. नेदरलँड्स आणि ब्रिटनच्या ओळी दिसल्या तर ते तुमचे खरेदीदार असू शकतात.

एक पळवाट बंद करायची राहते. तुमच्या मूळ सर्व्हरचा आयपी कुणाला माहीत असेल तर तो क्लाउडफ्लेअरला वळसा घालून थेट येतो, मग वरचे नियम कुचकामी. होस्टिंगवाल्याला सांगून फक्त क्लाउडफ्लेअरच्या आयपींनाच ८० आणि ४४३ पोर्टवर येऊ द्या.

सिंहस्थाच्या तोंडावर हॉटेल, होमस्टेवाल्यांनीही आपापल्या साइट एकदा बाहेरून तपासाव्यात. परदेशातला बुकिंग करू पाहणारा तक्रार करत नाही, पुढच्या साइटवर जातो.

सुटेभाग_सातपूर

अवांतर: युरोपात ३ डिसेंबर २०१८ पासून अशा अडवणुकीविरुद्ध नियम आहे (क्रमांक २०१८/३०२), पण तो युरोपीय संघातल्या ग्राहकांपुरता. आपण त्याचा दाखला देऊन जर्मन कंपनीशी भांडू नये, हसतील.

अंबडचा_फिटर

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे केलं. अमेरिकन साइट दोन्ही सिमच्या हॉटस्पॉटवर उघडते, फायबरवर नाही. म्हणजे भारताला बंदी नाहीच. मॅन्युअल उतरवलं. राउटरचा वॅन आयपी आणि बाहेरचा आयपी एकच आहे, सीजीनॅट नाही, आणि तो पत्ता एक्सबीएलमध्ये आहे. जर्मन साइट चेक-होस्टवर जर्मनीतून हिरवी, भारतातून लाल. त्यांना नेमप्लेटच्या फोटोसह मेल टाकलाय.

एक्सबीएलच्या पानावर नाव काढून टाकायचं बटण आहे. दाबू का?

पॅकेटवाला

आत्ता नको. पत्ता तुमच्या एकट्याचा आहे, म्हणजे घाण तुमच्याच नेटवर्कमध्ये आहे. सगळ्यात आधी कॅमेऱ्याचा डीव्हीआर: लाइनीपासून तोडा, कंपनीच्या रीसेटवर न्या, फर्मवेअर चढवा, मूळ पासवर्ड बदला. राउटरमध्ये यूपीएनपी (यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत डीव्हीआरसाठी उघडलेली पोर्ट खोडा. मग विंडोज ७ चा पीसी. त्याला राउटरमध्ये इंटरनेटच देऊ नका, फक्त मशीनशी बोलू द्या. राउटरचा लॉग दोन दिवस बघा, कुठलं यंत्र रात्री २५ (मेल) किंवा २३ (टेलनेट) पोर्टवर बाहेर जातंय का. शांतता दिसली की बटण दाबा. आधी दाबलंत तर पुन्हा यादीत याल, आणि वारंवार तसं झालं की नाव काढणं अवघड होत जातं.